शनिवारी घरी यायला उशीर होईल

पालकहो,

जुलैच्या पालकसभेत मंडळांचा विषय अगदी शेवटी येतो. तोवर गणवेश, शिष्यवृत्तीचे अर्ज, आधारकार्डावरची चुकलेली नावं आणि मुलींच्या स्वच्छतागृहातलं पाणी यांत दीड तास गेलेला असतो. मग मुख्याध्यापक घाईत यादी वाचतात: वाङ्मय मंडळ, विज्ञान मंडळ, इतिहास-भूगोल मंडळ, हरित सेना, स्काउट-गाइड, कला मंडळ. कोणी काही विचारत नाही. विचारलंच तर एकच, "बाई, याचे मार्क धरतात का?"

सरळ सांगते. काहींचे धरतात. चित्रकलेच्या इंटरमिजिएट परीक्षेतली श्रेणी, शास्त्रीय गायन-नृत्य, लोककला, क्रीडास्पर्धा, एनसीसी, स्काउट-गाइड यांना दहावीच्या निकालात नियमांप्रमाणे वाढीव गुण मिळतात. एनसीसीत आठवी-नववीची दोन वर्षं काढली की ‘अ’ प्रमाणपत्राच्या परीक्षेला बसता येतं. याची चौकशी तुम्ही केलेली असतेच. पण भित्तिपत्रक काढल्याबद्दल बोर्ड अर्धासुद्धा गुण देत नाही. तळ्यावरचे पक्षी मोजणाऱ्यालाही नाही. मी बरीच वर्षं वाङ्मय मंडळ सांभाळते आहे आणि हे असंच राहावं असं मला वाटतं. गुण आले की वही येते, वही आली की गाइड येतं, आणि गाइडच्या पाठोपाठ घरातल्या मोठ्या माणसांचा हात येतो.

त्या हाताबद्दलच मला आज बोलायचं आहे.

शाळेत दिवसभर जे चालतं, त्यातलं बहुतेक तुमच्या मुलावाचूनही चालतं. तो गैरहजर असला तरी तास होतो, धडा संपतो, घंटा वाजते. मंडळात तसं नसतं. ‘या महिन्याचं व्यंगचित्र मी देतो’ असं कबूल करून त्यानं दिलं नाही, तर व्हरांड्यातल्या फलकावर तेवढा चौकोन रिकामा राहतो आणि येता-जाता सगळी शाळा तो बघते. चौदाव्या वर्षी आपल्यावाचून काहीतरी अडतं, हे कळण्याच्या जागा फार थोड्या असतात. शेतकऱ्याच्या, दुकानदाराच्या घरात पूर्वी त्या घरीच मिळायच्या. आता आपण मुलांना म्हणतो, ‘तू फक्त अभ्यास कर, बाकी आम्ही बघतो.’ मग मंडळाचंही बाकी आपणच बघायला लागतो.

वर्षाची सुरुवात पदाधिकाऱ्यांपासून होते. अध्यक्ष, सचिव, खजिनदार. आमच्याकडे वर्गांतून हात वर करून निवड होते. दुसऱ्या दिवशी हमखास एखादी आई किंवा वडील कार्यालयात येतात. "आमच्या पोरीला सचिव का नाही केलं? तिचा पहिला नंबर आहे." अहो, पहिला नंबर आहे म्हणून तर मुलींनी तिला मत दिलं नसेल! आणि नाही दिलं तर ती आठ दिवस रुसेल, नवव्या दिवशी भित्तिपत्रकाच्या समासावर वेल काढत बसेल. ते आठ दिवस तिचे तिला काढू द्या. खजिनदाराचं पद मात्र कोणालाच नको असतं, आणि माझ्या मते तेच सगळ्यांत शिकवणारं आहे. वर्षाला हातात येतात काहीशे रुपये. कार्डशीट, फेव्हिकॉल, टाचण्या, स्केचपेनं. पावती हरवली की हिशेब लागत नाही. एका वर्षी नववीतला एक मुलगा वीस रुपये कमी येतात म्हणून दोन दिवस दप्तर उलटंपालटं करत होता. वडिलांनी त्याला गुपचूप वीस रुपये दिले. मुलानं ते परत केले आणि वहीत लिहिलं, ‘20 रुपये, हिशेब लागत नाही’. खाली सही. आमच्या संस्थेच्या ताळेबंदातसुद्धा इतकं स्वच्छ वाक्य मी वाचलेलं नाही.

मग येतो 1 ऑगस्ट. वक्तृत्व स्पर्धेचा हंगाम. टिळकांची पुण्यतिथी आणि अण्णाभाऊ साठ्यांची जयंती. ‘अध्यक्ष महोदय, पूज्य गुरुजन वर्ग आणि माझ्या बालमित्रांनो’ पासून शेंगांच्या टरफलांपर्यंतचा रस्ता आम्हा शिक्षकांना झोपेतही पाठ आहे. पूर्वी आई-वडील पुस्तकातून भाषण उतरवून द्यायचे, आता मोबाइलमधून काढून देतात. नव्या यंत्राला सांगितलं की तीन मिनिटांचं भाषण क्षणात तयार. भाषा गुळगुळीत, एकही चूक नाही. बाराव्या मुलाला ऐकताना परीक्षक चहाची वाट बघू लागतात.

अशाच एका स्पर्धेत आठवीतली एक मुलगी उभी राहिली. तिला दोन्ही विषयांतला एक निवडता येईना, म्हणून तिनं तारखा शोधल्या होत्या. टिळक मुंबईत गेले ते 1 ऑगस्ट 1920 ला, आणि वाटेगावात अण्णाभाऊ जन्मले तेही 1 ऑगस्ट 1920 ला. दोन्ही नुसत्या एका तारखेला नाहीत, एकाच दिवशी. तिचं सगळं भाषण या एका गोष्टीवर होतं. मुंबईत इतकी गर्दी लोटलेली असताना वाटेगावच्या त्या घरात काय चाललं असेल? टिळक गेल्याची बातमी तिथं कधी पोचली असेल? पोचल्यावर बाळंतिणीला कोणी सांगितली असेल का? मध्ये दोनदा अडखळली, एक कागद खाली पडला. नंबर आला नाही, कारण परीक्षकांच्या तक्त्यात ‘पाठांतर’ आणि ‘हावभाव’ असे रकाने होते. पण पुढे वर्षभर शिक्षकांच्या खोलीत त्या भाषणाचा विषय निघत राहिला. घरी कोणी मदत केली का, असं मी विचारलं तेव्हा म्हणाली, "आई म्हणाली, मला यातलं काही येत नाही, तुझं तूच बघ." त्या माउलीनं केवढी मोठी मदत केली होती, याची तिला कल्पना नसेल.

भित्तिपत्रक आणि हस्तलिखित हा माझा जिव्हाळ्याचा विषय, तेव्हा इथे थोडी रेंगाळते. साने गुरुजी अमळनेरला शिक्षक होते, वसतिगृह सांभाळत होते, तेव्हा मुलांसाठी ‘छात्रालय दैनिक’ काढत. हातानं लिहिलेलं, आणि रोजचं. महिन्याला एक अंक काढताना आमची दमछाक होते, त्यामुळे त्या ‘दैनिक’ शब्दाचा मला अजून धाक वाटतो. हाताच्या अंकाचा एक गुण असा की त्यात कोणाचं काय ते लपत नाही. एक मुलगा उत्तम लिहितो पण अक्षर किडमिडं, दुसरीचं अक्षर मोत्यासारखं पण सुचत काही नाही. मग दोघांना एका बाकावर बसावं लागतं. ती लिहिता लिहिता म्हणते, "हे वाक्य लई लांब झालंय, बसत नाही." तो चिडतो, मग छाटतो. संपादन मी त्यांना शिकवत नाही, ते कागदाची रुंदी शिकवते. आता काही पालक सुचवतात, "बाई, टाइप करून प्रिंट काढून देतो की, छान दिसेल." छान दिसेल यात शंका नाही. तरी नको.

विज्ञान मंडळाची गोष्ट अधिक अवघड, कारण तिथे पैसा आणि स्पर्धा दोन्ही आहेत. तालुक्याच्या विज्ञान प्रदर्शनाच्या आधी शहरातल्या काही दुकानांत तयार प्रतिकृती मिळतात. ज्वालामुखी, जलविद्युत केंद्र, ठिबक सिंचन. थर्माकोल, रंग, दिवे, सगळं जोडलेलं. वडील मोटारसायकलवर मागे धरून आणतात. परीक्षकांनी ‘हे पातं उलटं फिरवलं तर काय होईल?’ असं विचारलं की मुलगा वडिलांकडे बघतो. केंद्र सरकारच्या ‘इन्स्पायर मानक’ योजनेत निवड झाली तर विद्यार्थ्याला प्रकल्पासाठी 10,000 रुपये मिळतात. ते त्याच्या स्वतःच्या कल्पनेसाठी असतात, आणि कल्पना तर दुकानात मिळत नाही.

सहावी आणि नववीच्या मुलांसाठी होमी भाभा बालवैज्ञानिक स्पर्धा असते. मुंबईच्या विज्ञान शिक्षकांच्या संघटनेनं ती 1981 पासून चालवली आहे. तिची लेखी परीक्षा हल्ली सगळ्यांना ठाऊक झाली, क्लासही निघाले. पण पुढच्या टप्प्यांत प्रात्यक्षिक असतं, कृती संशोधनाचा प्रकल्प असतो आणि मुलाखत असते. तिथे क्लासवाले सर मुलाच्या शेजारी बसू शकत नाहीत. राष्ट्रीय बालविज्ञान परिषदेतही मुलांनी आपल्या आसपासचाच प्रश्न घ्यावा अशी अपेक्षा असते. आमच्या शाळेतल्या एका मुलीनं असा प्रश्न घेतला तो शाळेचा गळका नळ. तोटीखाली एक लिटरची बाटली ठेवून ती भरायला किती वेळ लागतो ते तिनं घड्याळ लावून बघितलं. चाळीस मिनिटं. म्हणजे दिवसाला 36 लिटर. मग तिनं गल्लीतले, पाणवठ्यावरचे, देवळाजवळचे नळ मोजले. तक्ता केला आणि ग्रामपंचायतीत नेऊन दिला. तिथल्या लोकांना तो फारसा आवडला नाही. प्रदर्शनात तिच्या टेबलावर मांडायला काही नव्हतं, एक बाटली आणि एक वही. शेजारच्या टेबलावर लाल दिव्यांचा ज्वालामुखी धगधगत होता आणि सगळी गर्दी तिकडे. मुलगी हिरमुसली, आणि खरं सांगायचं तर तिच्या हिरमुसण्यावर माझ्याकडे औषध नव्हतं. शाळेच्या नळाला नवा वायसर मात्र बसला.

डिसेंबरात स्नेहसंमेलन. इथे तुमचा उत्साह आम्हाला आवरत नाही आणि आम्हाला तो हवाही असतो. साड्या, फेटे, दागिने तुम्हीच आणता. पण ‘माझं बाळ पहिल्या रांगेत दिसलं पाहिजे’ हा आग्रह थोडा सैल करा. प्रत्येक मूल रंगमंचावर उभं राहायला जन्मलेलं नसतं. नाट्यछटा लिहिणारे दिवाकर स्वतः शाळामास्तर होते. एकट्या पात्रानं बोलायचं आणि समोरचा माणूस ऐकणाऱ्याला दिसला पाहिजे, असा तो प्रकार. आमच्याकडे दरवर्षी दोन-तीन नाट्यछटा बसवतो. तालमीत एक मुलगी कोपऱ्यात बसून नुसती संहिता हातात धरायची. वर्गात तिचा आवाज मी कधी ऐकला नव्हता. चार दिवसांनी लक्षात आलं, की पात्र अडलं की शब्द तिच्याकडून येतो, आणि तोही वेळेवर. अडखळलेल्याला लाज वाटू नये इतक्या हळू. संमेलनाच्या व्हिडिओत ती कुठेच नाही. तिच्या वडिलांनी विचारलं, "हिनं काय केलं मग?" मी त्यांना विंगेत नेऊन ती उभी राहायची ती जागा दाखवली. त्यांना ते पटलं की नाही, कोण जाणे.

आता कठीण गोष्ट. नववीच्या दिवाळीनंतर वह्यांच्या कव्हरवर ‘दहावी’ दिसायला लागते आणि चिठ्ठ्या येतात, ‘कृपया माझ्या पाल्याचे नाव मंडळातून कमी करावे.’ दहावीच्या मुलांनी दिवाळीनंतर मंडळातून मोकळं व्हावं, या मताची मीही आहे. सराव परीक्षा, प्रात्यक्षिकं, बोर्डाचे पेपर, हे सगळं खरं आहे आणि त्याला वेळ द्यायलाच हवा. पण नववीतच का? नववी हे मंडळाचं मुख्य वर्ष. आठवीत मूल फक्त बघतं, पाणी आणून देतं, टाचण्या लावतं. नववीत त्याच्या हातात काम येतं. आणि दहावीच्या ऑक्टोबरात ते दुसऱ्याच्या हातात द्यावं लागतं. ‘किल्ली इथे असते, हिशेबाची वही त्या कपाटात, त्या सरांना दुपारनंतर विचार, सकाळी ते रागात असतात’ असं सगळं सांगून द्यायचं. आपण उभं केलेलं दुसऱ्याकडे सोपवताना पंधरा वर्षांच्या मुलाचा चेहरा बघण्यासारखा असतो. नववीत नाव काढलं तर तो सोहळा होतच नाही. आणि वाचलेले ते शनिवारचे दोन तास अभ्यासात जातात असं तुम्ही धरून चालता. कुठे जातात ते तुमच्या घरातल्या मोबाइलला विचारा.

तुम्हीही आम्हाला जाब विचारावा, असं मला वाटतं. सगळ्याच शाळांची सगळी मंडळं खरी नसतात. उद्घाटन झालं, पाहुण्यांना नारळ दिला, फलकासमोर फोटो काढला, तो वरती पाठवला, की मंडळ झालं. वरूनही फोटोच मागतात, काम कोणी मागत नाही, आणि शिक्षकाचा अर्धा दिवस माहिती भरण्यात जातो. हे आमचं रडगाणं आहे, ते राहू द्या. तुम्ही शाळेत आलात तर फोटोंच्या फायलीऐवजी इतिवृत्ताची वही मागा. कोण आलं होतं, काय ठरलं, ठरलेलं कोणी केलं नाही. ती वही मुलाच्या अक्षरात असेल, तिच्यात खाडाखोड असेल, एखाद्या बैठकीत ‘भांडण झाल्यामुळे विषय पुढे ढकलला’ असं लिहिलेलं असेल, तर समजा की मंडळ जिवंत आहे.

हरित सेनेची परीक्षा तर मे महिन्यातच होते. 2001 पासून केंद्राच्या पर्यावरण खात्याची ही योजना शाळांमधून चालते. जुलैत वृक्षदिंडी निघते, घोषणा होतात, पाहुणे खड्ड्यात रोप ठेवतात. आमच्या मैदानाच्या कडेला एक खड्डा असा आहे की तो दरवर्षी नव्या रोपासाठी तयारच असतो! कारण मागच्या वर्षीचं रोप उन्हाळ्याच्या सुट्टीत गेलेलं असतं. 5 ते 12 नोव्हेंबरला, म्हणजे मारुती चितमपल्लींच्या जन्मदिवसापासून सालिम अलींच्या जन्मदिवसापर्यंत, राज्यात पक्षी सप्ताह पाळतात. तेव्हा मुलं उत्साहानं वेडा राघू आणि खंड्या मोजून येतात. थंडीत सगळं सोपं असतं. मेमध्ये शाळेला कुलूप, शिपाईमामा गावी, आणि विहिरीला पाणी कमी. गेल्या काही वर्षांपासून भूगोलाच्या सरांनी मुलांच्या पाळ्या लावल्या आहेत. जवळ राहणाऱ्या दोघांनी एक दिवसाआड यायचं आणि दोन-दोन कळश्या घालायच्या. ज्यांनी पाळी सांभाळली त्यांना सरांनी आमिष दाखवलं ते शून्य सावलीचं. आमच्या सातारा-पुणे भागात मेच्या दुसऱ्या आठवड्यात एक दिवस भर दुपारी उभ्या काठीची सावली नाहीशी होते. तो दिवस नेमका सुट्टीत येतो. जुलै-ऑगस्टच्या सांध्यावर तो पुन्हा येतो, पण तेव्हा आमच्याकडे सूर्यच दिसत नाही. म्हणून शाळेतल्या बाकीच्यांनी ते चित्रात पाहिलेलं असतं, आणि कळशी घेऊन आलेल्या चौघा-पाच जणांनी स्वतःच्या पायाखाली. या पाळ्यांच्या काळात तुम्ही मामाच्या गावाला जरूर जा, फक्त मुलाला बदली माणूस शोधायला सांगा. तुम्ही शोधू नका.

आणि शेवटचं, जे बोलायचं मी बरेच दिवस टाळत आले. मंडळांची यादी काढून बघितली तर वाड्या-वस्त्यांवरच्या मुलींची नावं त्यात कमी आहेत. आवड नाही असं अजिबात नाही. एसटी त्यांना मोफत आहे, अहिल्याबाई होळकर योजनेत पास मिळतो. पण शनिवारी शाळा सकाळची, मंडळ साडेअकराला सुरू होतं, आणि त्यांची गाडी बाराला सुटते. पुढची थेट तीनला. दीड तास स्थानकावर मुलगी कशाला थांबवायची, हे तुमचं म्हणणं मला पटतं. मीही माझ्या मुलीला थांबवलं नसतं. मुलगे तेवढ्यात कोणाच्या तरी सायकलच्या मागे बसून जातात, त्यांच्याबद्दल कोणी विचारत नाही, हा भाग वेगळा.

यावर आम्ही शाळेत दोन गोष्टी ठरवल्या आहेत. वाङ्मय आणि विज्ञान मंडळ शनिवारी शेवटच्या दोन तासिकांमध्ये घ्यायचं, म्हणजे ते शाळेच्या वेळेतच होईल. हरित सेनेचं आणि तालमींचं तेवढ्यात भागत नाही. त्यासाठी बाराची गाडी शनिवारपुरती मंडळ सुटल्यावर सोडावी, असा अर्ज आगार व्यवस्थापकांना द्यायचा आहे. नुसत्या शाळेच्या पत्रानं काम होत नाही, हा अनुभव आहे. त्या मार्गावरच्या पाच-सहा गावांतल्या पालकांच्या सह्या असतील तर ऐकतात. अर्जाचा मसुदा नववीच्या मुलींनी केला आहे, तो कार्यालयात ठेवलाय. येत्या सोमवारपर्यंत येऊन सही करून जा. ज्यांना सही येत नाही त्यांच्यासाठी शाईचा पॅड तिथेच आहे.